तुमचा माणूस तुमच्या गावाला न्या

‘तुमचा माणूस तुमच्या गावाला न्या.’

मी बारा वर्षांची होते. आज्याची तिरडी बापाच्या आणि आमच्या वसाहतीतल्या तिघांच्या खांद्यावर होती. स्मशानाकडं जाणाऱ्या वाटेवर गावातली सात-आठ माणसं आडवी उभी राहिली. त्यांच्यात पांढऱ्या शर्टातला एक बागायतदार. ग्रामपंचायतीत होता. तोच बोलला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. दुकानात एखादी वस्तू संपली म्हणून सांगतात, तसं सांगितलं.

बाप म्हणाला, ‘आमचं गाव पान्यात हाय, दादा.’

‘मंग पान्यात न्या.’

मागं कुणीतरी हसलं.

‘सरकारनं हितंच जागा दिलीय आमाला.’ तिरडी बापाच्या खांद्यावर तशीच. घाम डोळ्यात चालला होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

‘ऱ्हायला दिली. जाळायला न्हाई दिली.’

आम्ही अकोले तालुक्यातल्या डोंगरातले. ठाकर. खाली धरण झालं आणि आमचं गाव बुडालं. सात महिन्यांपूर्वी आम्हाला ट्रकात भरून या ऊसपट्ट्यात आणून सोडलं होतं. गावाच्या कडेला, मुरमाड माळावर, पत्र्याच्या खोल्या. सरकारी कागदावर ‘पुनर्वसित वसाहत’. गाव आम्हाला ‘धरणवाले’ म्हणायचं. त्या गावाच्या उसाला जे पाणी येत होतं, ते आमच्या घरांवर साठलेलं पाणी होतं. मला तेव्हा हे कळत नव्हतं. बापाला कळत होतं. तरी तो बोलला नाही. तिरडी फिरवली.

एक टेम्पो मिळाला, कांदा वाहणारा. आज्याला त्यात ठेवलं. आई तापानं पडलेली, भाऊ लहान, म्हणून मला बरोबर घेतलं. मी आज्याचे पाय धरून बसले. खड्ड्यात टेम्पो उडाला की पाय हलायचे. मी घट्ट धरायचे. उन्हाळा होता. धरणाचं पाणी खाली गेलेलं. आमच्या रानाच्या जागी भेगाळलेला गाळ. तिथं आज्याला जाळला. परत येईपर्यंत बापानं तोंड उघडलं नाही. आल्यावर हात धुतले आणि दाराकडं पाठ करून बसला.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकले. गप्प बसायचं.

शाळेत गुरुजी म्हणायचे, ‘धरणग्रस्त उभे राहा.’ आम्ही तिघं उभे राहायचो. सवलतीचे फॉर्म असायचे, बाकी काही नाही. पण वर्ग बघायचा. माझ्या शेजारच्या पोरीला तर ते माझं आडनाव वाटायचं. कुणी विचारलं गाव कोणतं, तर मी वसाहतीचंही नाव सांगायची नाही आणि बुडालेल्या गावाचंही नाही. ‘इथलीच,’ म्हणायचे. कुणाला खरं वाटायचं नाही.

बारावी झाले. टायपिंग केलं. लग्न झालं, टिकलं नाही. आई-बाप गेले. भाऊ चाकणला कंपनीत लागला आणि तिकडचाच झाला. वसाहतीतल्या दोन खोल्यांत मी एकटी राहिले. नगरजवळच्या एका खाजगी फार्मसी कॉलेजात क्लार्क म्हणून लागले. सकाळी जीपनं जायचं, संध्याकाळी एसटीनं यायचं. सतरा वर्षं. ऑफिसात मी चांगली बाई म्हणून माहीत होते. चांगली म्हणजे जी कधी काही विचारत नाही.

समीर तिथं एम.फार्मला आला. तीस-बत्तीस वर्षांचा. नाव वाचून आम्हाला वाटलं पुण्याचा असेल. पुण्यात त्यानं शिक्षण घेतलं होतंच, पण माणूस सीरियाचा. होम्स म्हणून शहर आहे तिकडं. त्याच्या वडलांचं औषधाचं दुकान होतं. लढाईत दुकान गेलं, दुकानावरचं घर गेलं, थोरला भाऊ एका सकाळी पाव आणायला गेला तो आलाच नाही. वडील त्या धक्क्यानं गेले. समीर तेव्हा विद्यार्थी म्हणून भारतात आलेला होता. आई शेजाऱ्यांबरोबर सरहद्द ओलांडून लेबनानात गेली. तिथं शेतात ठोकलेल्या तंबूंत राहिली. सहा हिवाळे. मग आजारपणाच्या व्हिसावर त्यानं तिला इकडं आणली. संयुक्त राष्ट्रांच्या दिल्लीतल्या कचेरीतून दोघांना निर्वासित असल्याचं कार्ड मिळालेलं होतं. कॉलेजनं मागच्या बाजूची एक रिकामी खोली दिली. शिपायांसाठी बांधलेली.

हे सगळं मला त्याच्या फाइलमधून आणि त्याच्या मोडक्या हिंदीतून तुकड्यातुकड्यानं कळलं. परदेशी मुलांचे कागद माझ्या टेबलावर असायचे. पोलिसांकडची नोंद, राहण्याची मुदत, बोनाफाईड. तो यायचा, दारात थांबायचा. ‘ताई, आऊं?’ इतर पोरं टेबलावर हात टेकून बोलतात. हा कधी टेकला नाही. जागा कमी व्यापायची सवय लागलेला माणूस मी लगेच ओळखते.

एकदा कागदावर आईची सही हवी होती म्हणून मी खोलीवर गेले. बाई साठीच्या. डोक्याला काळा रुमाल. सुजलेले पाय. मी नाव विचारलं तर समीर म्हणाला, ‘हमारे यहाँ माँ को बेटे के नाम से बुलाते हैं. भाई के बाद अब उम्म समीर. समीर की माँ.’

मी म्हटलं, ‘आमच्यातबी तसंच हाय. समीरची आई.’

ती बाई पहिल्यांदा हसली. ‘समीर-ची-आई,’ म्हणून बघितलं. आणि मला हाताला धरून बसवलं. बिनदुधाचा चहा दिला, पुदिना घातलेला.

तेव्हापासून दुपारी डबा घेऊन मी तिकडं जायला लागले. ऑफिसातल्या बायका गोल करून जेवायच्या. त्यात माझी जागा होती, पण नसती तरी कुणाला कळलं नसतं. इथं मला जागा होती. आम्ही दोघी काही बोलायचो नाही. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. ती माझ्या डब्यातली बाजरीची भाकरी मोडून वास घ्यायची. मी तिचं खारवलेलं ऑलिव्ह चाखून तोंड वाकडं करायचे. दिवसभर ती त्या खोलीत एकटी असायची. भिंतीकडं तोंड करून बसलेली मी तिला खिडकीतून पुष्कळदा बघितली. एकटं माणूस कसं बसतं, ते मला माहीत होतं.

एक दिवस संस्थेचे एक विश्वस्त कॉलेज बघायला आले. समीरच्या आईनं मागच्या कट्ट्यावर पुदिना वाळत घातला होता. ती शेजारी बसली होती. विश्वस्तांनी विचारलं, ‘ही कोण?’

रजिस्ट्रार साहेबांनी सांगितलं.

‘लोक काय म्हणतील?’ विश्वस्त म्हणाले. एवढंच. पुढं बघून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रार साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टाईप केलेला कागद समोर सरकवला. मराठीत होता. ‘मी माझ्या आईसह सदर निवासस्थान स्वखुशीने रिकामे करीत असून महाविद्यालयाविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.’ खाली समीरचं नाव.

‘याच्यावर त्याची सही आणा.’

मी म्हटलं, ‘सर, त्याला मराठी वाचता येत नाही.’

‘म्हणूनच तुम्हाला सांगतोय. तुमच्यावर त्याचा विश्वास आहे.’

मी उभीच राहिले. साहेब जरा समजुतीच्या आवाजात म्हणाले, ‘अहो, त्यांचं युद्ध संपलं आता. सरकार पडलं तिकडचं. बातम्यांत दाखवतात, लोक नाचतायत. आपापल्या गावाला जावं की माणसानं.’

मी कागद घेतला. खोटं कशाला सांगू. घेतला. सतरा वर्षं जे कागद दिले ते घेतले, तसा हाही घेतला. आणि मागच्या बाजूला चालत गेले.

समीर खोलीतच होता. आई पाय गरम पाण्यात घालून बसली होती. मी कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, सही पाहिजे.

त्यानं खिशातला पेन काढला. ‘कहाँ, ताई?’

त्यानं विचारलं नाही कशाला. वाचायचा प्रयत्न केला नाही. कागद मी आणला होता ना. पेनचं टोक कागदाला टेकलं.

आणि मला बापाचा अंगठा दिसला.

आमचं गाव उठवायच्या आधी एक कारकून यायचा. आमच्या घरी जेवायचा. नागलीची भाकरी आवडायची त्याला. बापाला भाऊ म्हणायचा. त्यानंच एका दुपारी ओसरीवर बसून बापाचा अंगठा घेतला. ‘काय न्हाई भाऊ, तुमचं नाव यादीत लागावं म्हनून.’ पुढं माझी बारावी झाल्यावर एका कामासाठी त्या कागदाची नक्कल काढली. तेव्हा पहिल्यांदा वाचलं. घर, रान, गोठा, दोन आंब्यांची झाडं, सगळ्याचा ताबा बापानं स्वखुशीनं दिलेला होता. बाप तेव्हा जिवंत होता. मी त्याला ते वाचून दाखवलं नाही. आजही मला वाटतं, दाखवायला पाहिजे होतं.

तो कारकून वाईट माणूस नव्हता. हेच मला त्या खोलीत समजलं. त्याला साहेबानं सांगितलं असेल, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे.

मी समीरच्या हाताखालून कागद ओढला. पेनाची रेघ आडवी उमटली.

‘मत करो,’ मी म्हटलं. ‘इसमें लिखा है कि तुम अपनी मर्जी से जा रहे हो.’

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग फार हळू म्हणाला, ‘किधर जाऊं, ताई? वहाँ घर नहीं है. गली भी नहीं है.’

मला वाटलं तो चिडेल. तूही त्यांच्यातलीच म्हणेल. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्याच्या आईला एक शब्द कळला नव्हता. तिनं फक्त त्याचं तोंड बघितलं. पाय पाण्यातून काढले. पुसले. खाटेखालची बॅग ओढली आणि उशीची खोळ काढायला लागली. केव्हा निघायचं, कुठं जायचं, काही विचारलं नाही. औषधं एका फडक्यात, कागद एका पिशवीत, पातेल्यात पातेलं. हात भराभर चालत होते. त्या हातांना ते काम पाठ होतं.

मी जाऊन ते हात धरले. ‘नको,’ म्हटलं. ‘नको, समीरची आई. ठेवा.’

तिनं माझे हात बाजूला केले आणि पुन्हा घडी घालायला लागली.

मी ऑफिसात परत गेले. केबिनचं दार उघडंच होतं. बाहेर चौघीजणी आपापल्या टेबलाशी होत्या. कागद साहेबांपुढं ठेवला.

‘सही कुठंय?’

‘घेतली नाही.’

‘नाही म्हणाला?’

‘तो करत होता. मी करू दिली नाही.’

साहेबांनी चष्मा काढला. ‘बाई, तुम्हाला काय सांगितलं होतं?’

‘खोटा कागद आहे सर. तो स्वखुशीनं जात नाहीये. तुम्ही त्याला काढताय. काढायचं तर तुमच्या सहीनं काढा.’

शब्द ओळीनं आले. सतरा वर्षांत मी त्या केबिनमध्ये एवढं लांब वाक्य बोलले नव्हते.

साहेब खुर्चीत मागं रेलले. हसले थोडं. ‘तुम्ही धरणवाल्या ना? मग तुम्हाला तर कळायला पाहिजे. सरकारनं जागा दिली, सवलत दिली, संस्थेनं नोकरी दिली. मिळालं ते घ्यावं आणि गप्प बसावं. दुसऱ्याच्या भानगडी तुम्हाला कशाला?’

मी म्हटलं, ‘सरकारनं काही दिलं नाही सर. आमचं घेतलं आणि थोडं परत केलं.’

बाहेरच्या चौघींनी ऐकलं. मी बाहेर आले तेव्हा चौघीही कीबोर्डकडं बघत होत्या. सतरा वर्षं ज्यांच्याबरोबर तिळगूळ घेतला, त्यांच्यातल्या एकीनंही मान वर केली नाही.

सही नव्हती, म्हणून नोटीस काढावी लागली. आठ दिवसांची. संस्थेच्या सहीशिक्क्यानं. माझं टेबल दुसरीला दिलं आणि मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं.

समीरपुढं नुसतं छताचं संकट नव्हतं. पत्ता नसला की पोलिसांकडची नोंद राहत नाही. नोंद नसली की मुदत वाढत नाही. मुदत नसली की तो इथं बेकायदेशीर. त्याची आई पण. त्यानं नगरात अकरा ठिकाणी खोली विचारली. एका ठिकाणी दार उघडलेल्या बाईनं देश ऐकून दार लावलं. एकीनं विचारलं, तुम्ही बॉम्बवाले का? तो मला हे सांगताना हसला. मला हसू आलं नाही.

मी त्यांना घरी न्यायचं ठरवलं. पण वसाहतीत एकटीनं ठरवून चालत नाही. संध्याकाळी समाजमंदिरात लोक जमवले. पंचवीस-तीस माणसं आली.

पहिलं भागाकाका बोलले. माझ्या बापाबरोबर आज्याच्या तिरडीला खांदा दिलेला माणूस. ‘पोलिसांचं लफडं नगं, पोरी. आपल्यालाच आजून कुनी हितलं धरीत न्हाई.’

कुणी म्हणालं, ‘मुसलमान हायेत.’

कुणी म्हणालं, ‘उद्या काय झालं तर गाव आपल्याच अंगावर येईल.’

मी त्यांच्यातलीच होते आणि ते सगळं मलाही वाटून गेलं होतं. मी फक्त त्या बाईनं सुजलेले पाय पुसून बॅग कशी भरली, ते सांगितलं. उशीची खोळ. पातेल्यात पातेलं.

हिरामावशी कोपऱ्यात बसली होती. माझ्या घराला लागून तिचं घर. ऐंशीच्या पुढची. म्हणाली, ‘टरक आला तवा मी जातं घ्यायला परत फिरले. मुकादम म्हनला, टाक म्हातारे, जागा न्हाई. तवा मी काय म्हातारी न्हवते.’ मग माझ्याकडं वळली. ‘नाव काय म्हनली त्या बाईचं?’

‘समीरची आई.’

‘आन तिला. पाय सुजल्यात म्हनती ना? मी बगते.’

तेवढ्यावर सगळं वळलं असं नाही. पाच-सहा घरं हो म्हणाली. बरीचशी उठून गेली. भागाकाका जाताना माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘तुजा बाप आसं करीत न्हवता.’ खरं होतं. बाप असं करत नव्हता.

नोटिशीच्या सहाव्या दिवशी दोघं आली. आतली खोली त्यांना दिली. घरात परदेशी माणूस ठेवला की घरमालकानं पोलिसांना कळवायचं असतं. मी समीरला घेऊन नगरला गेले. तिथला पोलीस नीट बोलला. ‘ताई, माझी हरकत नाही. पण घर तुमच्या नावावर असल्याचा कागद लावा.’

घर माझ्या नावावर नव्हतं. बापाच्या नावावरही धड नव्हतं. वसाहतीतल्या प्लॉटांचे पक्के कागद एवढ्या वर्षांत झालेच नाहीत. मी तिथं बाकावर बसले. दुसऱ्याला पत्ता द्यायला निघाले होते आणि माझ्याकडंच तो नव्हता. समीर शेजारी बसला. तो म्हणाला, ‘ताई, रहने दो.’ मी म्हटलं, ‘नहीं रहने दूंगी.’

ग्रामसेवकाकडं गेले. तो म्हणाला, पंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर वडलांचं नाव आहे, वारस म्हणून तुमचं लावता येईल. पण घर तुमचंच, तुम्हीच राहता, असं शेजाऱ्यांनी लिहून द्यायला पाहिजे. आणि भावाची ना-हरकत. भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘कशाला नसत्या भानगडी? लोक मलाबी विचारतील.’ मी फोन ठेवला. दोन दिवसांनी त्यानं सही करून कागद पाठवला. बरोबर एक ओळ नाही.

मग मी वसाहतीत दारोदार फिरले. आधी प्रत्येकाला कागद पूर्ण वाचून दाखवला. दोनदा. ज्याला वाचता येत नाही त्याला तीनदा. हिरामावशीनं अंगठा शाईत बुडवला आणि विचारलं, ‘ह्यात आनखी काय लिवलं न्हाई ना?’ मी म्हटलं, नाही मावशी. म्हणाली, ‘परत वाच.’ मी परत वाचलं. मग तिनं अंगठा उमटवला.

चौदा जणांनी लिहून दिलं. सव्वीस घरांत चौदा. एकानं अंगणवाडीतल्या बाईला सांगून फिरत्या दवाखान्याच्या गाडीची वेळ आणून दिली. एकीनं जुनी खाट दिली. शाळेच्या मास्तरांनी समीरला विचारलं, पोरांना संध्याकाळी विज्ञान शिकवशील का. तो शिकवतो. पोरं त्याच्या हिंदीला हसतात, तो त्यांच्या हिंदीला हसतो. भागाकाकांनी सही दिली नाही. अजून माझ्याशी बोलत नाहीत. नळावर मी गेले की दोन घरच्या बायका हंडे उचलून बाजूला होतात. माझ्याच वसाहतीतल्या. माझ्यासारख्याच ट्रकातून आलेल्या.

नोंद झाली. मुदत वाढली. पुढं काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. समीर तिकडं जायचं रोज मनात आणतो. नवा पासपोर्ट झाला तर एकदा जाऊन बघून येईन म्हणतो. आईला तो हे सांगत नाही.

ती दुपारी उंबऱ्यात बसते. हिरामावशी तिच्या पायाला एरंडाचा पाला बांधते. दोघी आपापल्या भाषेत बोलत असतात, एकमेकींना काही कळत नाही, तरी बोलतात. मी कामावरून येते तेव्हा तिनं माझ्यासाठी भात झाकून ठेवलेला असतो, शेवया परतून घातलेला. घरात तीन माणसं आहेत. तरी एकटेपण गेलं नाही. तिचंही नाही. कणीक मळताना ती हळू आवाजात काही म्हणते. मी विचारत नाही. मला वाटतं, त्यात तिच्या थोरल्या पोराचं नाव असतं.

रेकॉर्ड रूममध्ये माझ्याशी बोलायला कुणी येत नाही. फाइल हवी असेल तर शिपायाकडून चिठ्ठी येते. डबा मी तिथंच खाते. मागची खोली आता रंगवून कुलूप लावून ठेवली आहे. कुणीच राहत नाही तिथं.

मला मेमो मिळालाय. ‘वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान.’ सोमवारी चौकशी समिती बसणार आहे. रजिस्ट्रार साहेबांनी परवा एक कागद पाठवला. माफीचा. टाईप करून तयार. ‘माझ्याकडून गैरसमजातून चूक झाली.’ निरोप आला, सही करा, विषय संपेल, टेबल परत मिळेल.

मी तो दोनदा वाचला. सही न करता, उलट टपाली, पोच घेऊन परत पाठवला.

समीर म्हणाला, मी सोमवारी बरोबर येतो. मी नको म्हटलं. त्याला समोर उभा करून ते त्याच्याबद्दलच बोलतील. मला त्यांच्याबद्दल बोलायचंय. समितीत तिघं आहेत, तिघंही संस्थेचेच. माझ्या बाजूनं कुणी बसणार नाही. ऑफिसातली एक बाई जिन्यात कानाशी म्हणाली, आम्हाला पटतं हो तुमचं, पण आम्हाला घर चालवायचंय. मलाही चालवायचंय. आता त्या घरात तीन ताटं आहेत.

ते विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून केलं. माझ्या, असं सांगीन. विचारतील, चूक मान्य आहे का. नाही. विचारतील, पुन्हा असं कराल का. पुन्हा कुणाकडून फसवून सही घ्यायला सांगितली तर पुन्हा नाही म्हणेन. हे सगळं मी लिहून काढलंय. तीन पानं. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. आज्याचं, बापाचं, ज्या गावात जन्मले त्या गावाचं नाव पूर्ण लिहिलंय. काही खोडलं नाही.

काढून टाकलं तर टाकू देत. त्यांच्या सहीनं टाकू देत.

सोमवारी अकराला मी एकटी आत जाणार आहे. आणि गप्प बसणार नाही.